वकील भेटत नाहीत, कारकूनच भेटतो : तालुक्याच्या वकिलाच्या ऑफिसात कोण काय करतं

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही पुण्यात नोकरीला, वडिलांचा वाटपाचा दावा गावाकडच्या तालुका कोर्टात चार वर्षं चालू. गेल्या महिन्यात चुलत आजोबा वारले म्हणून गावी गेलात, दिवसकार्य उरकल्यावर तसेच वकिलांच्या ऑफिसात डोकावलात तर वकील नव्हतेच, एक म्हातारे कारकून डायरी बघून पुढची तारीख सांगून मोकळे झाले, कोर्टात वकिलांऐवजी कोणीतरी मॅडमच उभ्या राहतात असं वडील म्हणाले, वर टायपिंगवाल्याने वेगळे पैसे मागितले. तर ही माणसं नक्की कोण, फसवतायत का, आणि वकील बदलावा का.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याला २३ वर्षं वकिली करतोय आणि खरं सांगतो, तुमचं वर्णन वाचून हे माझंच ऑफिस की काय असं वाटून मी गावाचं नाव दोनदा बघितलं. नाही, आमचं नाही. पण तसंच आहे. तालुक्याला लॉ फर्म वगैरे कोणी म्हणत नाही, 'वकिलांचं ऑफिस' म्हणतात, आणि ते बहुतेक वेळा वडिलोपार्जित घराची पुढची खोली नाहीतर कोर्टासमोरच्या गाळ्यातली दहा बाय बारा असते. त्यात एक साहेब, एक-दोन ज्युनिअर, एक कारकून, एक टायपिस्ट जो अर्धा आपला आणि अर्धा सगळ्या गल्लीचा असतो, आणि सकाळी झाडलोट करून चहा ठेवणाऱ्या मावशी. आमच्याकडे संध्याकाळी एक रिटायर्ड शिरस्तेदार (कोर्टाच्या दप्तराचे मुख्य कारकून) पण येऊन बसतात, पगार काही नाही, पण त्यांना मोडी वाचता येते आणि सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या वाटणीपत्रावर अडलो की त्यांच्याशिवाय पान हलत नाही.

आता साहेब का भेटत नाहीत. कोर्ट अकराच्या आसपास बसतं. त्या दिवशी माझ्या डायरीत समजा चौदा मॅटर आहेत, त्यातली नऊ आमच्या तालुक्याला दोन वेगवेगळ्या कोर्टात, तीन सांगलीला जिल्हा कोर्टात, एक तहसीलदारांकडे फेरफाराची हरकत आणि एक प्रांतांकडे अपील. माणूस एकच. म्हणून आदल्या संध्याकाळी वाटणी होते की उलटतपास जिथे आहे तिथे मी, बाकी जिथे नुसती बजावणी (समन्स पोचवणं) आहे, कैफियत म्हणजे दाव्याला लेखी उत्तर नाहीतर 'से' म्हणजे अर्जावरचं म्हणणं द्यायचंय तिथे ज्युनिअर, आणि नक्कल काढणं, समन्सचा भत्ता भरणं ही कामं कारकुनाची. तुम्ही दुपारी दीडला गेलात तर ऑफिसात टायपिस्ट आणि पंखा एवढेच सापडणार. साहेब हवे असतील तर सकाळी साडेआठ ते दहा, नाहीतर संध्याकाळी सातनंतर, आणि नीट बोलायचं असेल तर रविवारी सकाळी, तेही आधी फोन करून.

आता कारकून, म्हणजे ऑफिसचा खरा कणा. आमच्या कारकुनांना सगळे मामा म्हणतात, मी पण म्हणतो, कारण मी ज्युनिअर म्हणून या ऑफिसात आलो तेव्हा ते इथेच होते आणि पहिला मुदतीचा अर्ज कसा लिहायचा हे मला माझ्या सिनिअरनी नाही, मामांनी शिकवलं. कॉलेजात सगळी कलमं पाठ केली होती पण 'पुरसिस' म्हणजे काय आणि ती कधी द्यायची हे विचारायला त्यांच्याकडेच जावं लागलं (पक्षकाराने कोर्टाला एखादी गोष्ट लेखी कळवायची, ती पुरसिस). मामांचं शिक्षण जुनी अकरावी. कोर्टात कारकून म्हणून त्यांची रीतसर नोंद आहे, ओळखपत्र आहे, त्यामुळे दप्तर बघणं, नक्कल मागणं, दुरुस्त्या करून देणं हे ते करू शकतात. ते तुम्हाला कायदेशीर सल्ला देऊ शकत नाहीत आणि कोर्टापुढे बोलू शकत नाहीत. एवढ्या दोन गोष्टी सोडल्या तर ऑफिस म्हणजे मामाच.

त्यांच्याकडे दोन डायऱ्या. मोठी ऑफिसची, टेबलावरची, आणि छोटी खिशातली. कोर्टातून आल्यावर बूट काढायच्या आधी ते छोटीतलं मोठीत उतरवतात. प्रत्येक मॅटरसमोर मागची तारीख, पुढची तारीख आणि एका शब्दात काम, 'मुद्दे', 'पुरावा', 'युक्तिवाद', 'बजावणी'. वकिलाच्या ऑफिसातली सगळ्यात महागडी वस्तू कुठली असं मला कोणी विचारलं तर मी कॉम्प्युटर सांगणार नाही, ही डायरी सांगेन, कारण ती चुकली की काय होतं ते मी एकदा बघितलंय आणि ते आमच्याच ऑफिसात झालंय त्यामुळे सांगायला हरकत नाही.

मामा मराठी आकडे लिहितात. एकदा ते आजारी होते आणि नवीन ज्युनिअर, इंग्लिश मीडियमचा मुलगा, डायरी बघत होता. मामांनी लिहिलेलं २१, त्याने वाचलं २९, कारण मामांचा एक आणि नऊ यांच्यात फरक म्हणजे शेपटीचा, आणि ती शेपटी कधी असते कधी नसते. एकवीसला पुकारा झाला, आमच्याकडून कोणी नाही, अशिलाला आम्हीच एकोणतीस सांगितलेली त्यामुळे तोही नाही. वादी व वकील गैरहजर, सबब दावा काढून टाकण्यात येतो. एका ओळीत सहा वर्षांचं काम साफ. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ९ नियम ९ खाली दावा परत फाईलवर घ्या असा अर्ज करता येतो, त्याला ३० दिवस असतात, आम्ही सहाव्या दिवशी केला. समोरच्याला खर्च द्या या अटीवर तो मंजूर झाला, ते दोन हजार मी खिशातून भरले आणि अशिलाला समोर बसवून काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. तो गृहस्थ अजून माझा अशील आहे. तेव्हापासून आमच्या डायरीत आकड्याशेजारी अक्षरातही तारीख लिहितात, 'एकवीस'. बँकेच्या चेकवर लिहितात तशी.

म्हणून तुम्हाला 'नुसती तारीख सांगून मोकळे झाले' याचं जे वाईट वाटलंय ना, ते मी समजू शकतो, पण तारीख बरोबर सांगणारा माणूस ही छोटी गोष्ट नाही.

मामांचं दुसरं काम म्हणजे मुदती. चेक बाऊन्सचंच बघा, बँकेकडून चेक परत आल्याचं कळलं की ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते संपले की एका महिन्यात कोर्टात फिर्याद. या तीन तारखा मामा कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करतात. (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं, पण मामा अजून 'आरपीएडी टाकून आलो', म्हणजे पोचपावतीचं रजिस्टर टाकून आलो, असंच म्हणतात आणि बहुतेक शेवटपर्यंत म्हणतील.) निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज, कारण जिल्हा कोर्टात अपिलाला ३० दिवस, हायकोर्टात ९० दिवस, आणि नक्कल तयार व्हायला कोर्टाला लागलेले दिवस त्यातून वजा मिळतात, पण अर्ज केलेला असेल तरच. हायकोर्टाचं मॅटर म्हटलं की पूर्वी फाईलचा गठ्ठा बांधून मामा रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठायचे, सकाळी फोर्टात मुंबईच्या वकिलांच्या ऑफिसात गठ्ठा टाकून रात्रीच्या गाडीने परत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि आता ते एसटीने जाऊन जेवायला घरी येतात. या बेंचसाठी आमच्या सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी किती वर्षं किती वेळा काम बंद ठेवलं ते सांगायला बसलो तर वेगळं उत्तर लिहावं लागेल.

तिसरं काम कुठल्याच पुस्तकात नाही. मामांना तालुक्यातली माणसं माहीत आहेत. एकदा ते कोणाच्या तरी मयतीला जाऊन आले, दारातच डोक्यावरून पाणी घेऊन आत आले आणि टॉवेलने डोकं पुसत म्हणाले, "साहेब, आज जे गेले ते आपल्या त्या विहिरीच्या दाव्यातले प्रतिवादी नंबर चार." मला पत्ताच नव्हता. अशिलाला माहीत होतं पण त्याला वाटलं हे वकिलांना कशाला सांगायचं. पक्षकार वारला की ९० दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर घ्यावे लागतात, नाही घेतले तर त्याच्यापुरता दावा आपोआप संपतो, ज्याला आम्ही 'ॲबेट झाला' म्हणतो. पुढे ६० दिवसांत ते रद्द करून घ्यायचा अर्ज, तोही चुकला तर विलंब माफीचा अर्ज, त्यावर समोरच्याचं म्हणणं, त्यावर सुनावणी, असं करत वर्ष कुठे जातं कळत नाही. त्या दिवशी मामांनी घरी जायच्या आधी शाळेच्या वहीच्या कागदावर वारसांची यादी करून माझ्या टेबलावर ठेवली होती, सासरी गेलेल्या दोन मुलींच्या गावांसकट.

आता त्या मॅडम. वडिलांकडे वकीलपत्राची प्रत असेल तर बघा, त्यावर बहुतेक दोन-तीन नावं असतील आणि त्यात त्यांचंही असेल. असेल तर त्या तुमच्याच वकील आहेत, 'वकिलांऐवजी कोणीतरी' नाहीत. पदवी, बार कौन्सिलची सनद, ऑल इंडिया बारची परीक्षा हे सगळं करूनच माणूस तिथे उभा राहतो. वकीलपत्रावर नाव नसेल तर मात्र साहेबांना विचारा, कारण नुसती तारीख मागणं वेगळं आणि मॅटर चालवणं वेगळं.

तालुक्याला ज्युनिअर बाई असेल तर तिचे हाल दुप्पट, हे मी रोज बघतो. अशील येतात आणि तिच्याकडे बघून "साहेब कधी येणार" एवढंच विचारतात. आमच्याकडची ज्युनिअर, पाच वर्षं झाली तिला, एका रस्त्याच्या दाव्यात निशाणी ५ चा युक्तिवाद होता. म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज, आमच्याकडे तो निशाणी ५ लाच असतो म्हणून सगळे त्याला 'निशाणी पाच'च म्हणतात. मी सांगलीला सेशनमध्ये अडकलो, अशील कोर्टाच्या व्हरांड्यात मला फोन करून ओरडतोय की मॅडमना बोलू देऊ नका, तारीख घ्या. मी म्हटलं तारीख घेतली तर समोरचा आज रात्री जेसीबी लावेल, बोलू दे. ती पंचवीस मिनिटं बोलली, मोजणीचा नकाशा आणि १९८० च्या दशकातलं खरेदीखत एकावर एक ठेवून दाखवलं की रस्ता कुठून होता, मनाई मिळाली. पुढच्या तारखेला तोच अशील पेढे घेऊन आला आणि पेढे मला दिले. मी बॉक्स तसाच तिच्या टेबलावर सरकवला, पण मुद्दा तुमच्या लक्षात आला असेल.

ज्युनिअर लोकांना मिळतं काय हेही सांगतो, कारण त्यावरून त्यांच्या मनाचा अंदाज येतो. मला पहिली दोन वर्षं सिनिअर पेट्रोलचे पैसे द्यायचे आणि दिवाळीला एक ड्रेसपीस. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं की ज्युनिअरला शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार स्टायपेंड द्यावा, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि तालुक्याच्या किती ऑफिसात तेवढे मिळतात हे विचारू नका. मी किती देतो हेही विचारू नका, १५ च्या खाली आहे आणि त्याची लाज वाटते. सनदेची फी मात्र त्याच वर्षी जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने ताळ्यावर आणली, कायद्यात लिहिलेत तेवढेच म्हणजे ७५० रुपये, एससी-एसटीला १२५. आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यायाधीश व्हायच्या परीक्षेला तीन वर्षांची प्रॅक्टिस परत सक्तीची केली, त्यामुळे आता आमच्याकडे दोन प्रकारचे ज्युनिअर येतात, एक ज्यांना वकील व्हायचंय आणि दुसरे ज्यांना तीन वर्षांचं सर्टिफिकेट हवंय. दुसरे वाईट असतात असं नाही, उलट अभ्यास जास्त करतात, पण चौथ्या वर्षी ते जातात आणि तुमच्या फाईलमध्ये काय काय झालं हे त्यांच्या डोक्यात असतं तेही त्यांच्याबरोबर जातं. म्हणून ज्युनिअर बदलला की एकदा साहेबांबरोबर बसून फाईल पहिल्या पानापासून उलगडून घ्या.

टायपिस्टकडे वळतो. तो फसवत नाहीये, बहुतेक ठिकाणी टायपिंगचा हिशोब पानावर असतो आणि तो फीमध्ये धरलेला नसतो, हे आधी सांगायला हवं होतं एवढं खरं. तालुका कोर्टाची भाषा मराठी आहे, अर्ज, दावा, कैफियत सगळं मराठीत, आणि चांगला कायदेशीर मराठी टायपिस्ट मिळणं वकील मिळण्यापेक्षा अवघड झालंय. पण एक सावधगिरी. कॉम्प्युटर आल्यापासून प्रत्येक दावा हा मागच्या कुठल्यातरी दाव्यावर टाईप केलेला असतो, नावं बदलायची, गट नंबर बदलायचे, बाकी तेच. आणि कधीतरी चतुःसीमा, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे ते, तीच राहते. तुमच्या जमिनीच्या पूर्वेला दुसऱ्याच गावचा ओढा वाहायला लागतो आणि ते कळतं तीन वर्षांनी, उलटतपासात, समोरचा वकील हसत हसत विचारतो तेव्हा. मग दुरुस्तीचा अर्ज, त्याला हरकत, परत तारीख. म्हणून सही करण्यापूर्वी सातबारा शेजारी ठेवून गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये आणि चारी दिशा स्वतः बोट ठेवून वाचा. हे काम तुमच्यापेक्षा चांगलं कोणी करू शकत नाही कारण जमीन तुमची आहे.

फौजदारीत तर १ जुलै २०२४ ला नवे कायदे आले तेव्हा आमच्या टायपिस्टची जी फजिती झाली ती बघण्यासारखी होती. आधी १४४ म्हणजे जमावबंदी, आता नव्या संहितेत १४४ म्हणजे बायको-मुलांची पोटगी. आधी अटकपूर्व जामीन ४३८, आता ४८२, आणि जुन्यात ४८२ म्हणजे हायकोर्टात गुन्हा रद्द करायचा अर्ज. त्याने मॉनिटरच्या कडेला जुने-नवे आकडे लिहून कागद चिकटवलाय, आणि खोटं कशाला बोलू, मीही येता-जाता तो बघतो.

पैशाचं बोलू, कारण फसवणुकीची शंका तिथूनच येते. साहेबांची फी वेगळी आणि खर्च वेगळा. खर्चात कोर्ट फी, समन्सचा भत्ता, नक्कल, झेरॉक्स, टायपिंग, कारकुनाचे येण्याजाण्याचे. फी साहेबांशीच ठरवा आणि त्यांनाच द्या, शक्यतो यूपीआयने, म्हणजे नोंद राहते. खर्च मामाकडे दिलात तरी चालतं पण तुमच्या स्वतःच्या वहीत तारीख टाकून लिहा. कोर्टात किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या शपथपत्राला महाराष्ट्रात स्टॅम्प पेपर लागत नाही, ही माफी २००४ पासून आहे, तरी लोक रांग लावून स्टॅम्प आणतात आणि कोणी नको म्हणत नाही. 'निकाल लागला की जमिनीच्या किमतीचे दहा टक्के' असं कोणी वकील म्हणाला तर तसा करार करायला बार कौन्सिलच्या नियमानेच बंदी आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'साहेबांना द्यायचेत' या वाक्याला आमच्याकडे दोन अर्थ आहेत, कारण वकीलही साहेब आणि जजही साहेब. कोणीही, अगदी कोणीही, दुसऱ्या अर्थाने ते वाक्य बोललं तर तिथून उठा आणि परत त्या पायरीवर जाऊ नका.

आता मुख्य, वकील बदलावा का. ऑफिसात कोण भेटलं यावरून हे ठरवू नका, रोजनाम्यावरून, म्हणजे कोर्टातल्या तारीखवार नोंदींवरून ठरवा. तुमच्या दाव्याला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असेल, एमएच ने सुरू होणारा, तो मामांकडून घ्या आणि ईकोर्ट्सच्या ॲपमध्ये टाका, चार वर्षांच्या सगळ्या तारखा आणि प्रत्येक तारखेचं काम समोर येईल. पुण्यात बसून होतं हे. आधीच्या तारखांना 'प्रतिवादी अमुकचं समन्स बिनबजावणी परत', 'पत्ता अपुरा', 'वादीने भत्ता भरला नाही' असं दिसलं तर यात वकिलांचा दोष कमी आणि आपला जास्त, वाटपाच्या दाव्यात पंधरा-वीस प्रतिवादी असतात, त्यातले निम्मे मुंबईला, एकेकाची बजावणी व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि पत्ते द्यायचे असतात नातेवाइकांनी म्हणजे तुम्ही. 'प्रतिवादीचा मुदतीचा अर्ज' असं परत परत असेल तर साहेबांना विचारा की आपण हरकत घेतली का, खर्च मागितला का. पण 'वादी व वकील गैरहजर' हे तीन-चारदा दिसलं, किंवा 'वादीचा पुरावा' या कामावर वर्षभर नुसत्या तारखा पडल्या असतील, तर मात्र काळजी करा आणि रविवारी जाऊन समोरासमोर बसा.

त्या बैठकीत साहेबांकडून फक्त साहेबांनीच द्यायची उत्तरं घ्या. दावा कितपत मजबूत आहे, तडजोड करावी का, लोकअदालतीला ठेवायचा का (तिथे मिटलं की त्यावर अपील नसतं, कोर्ट फी परत मिळते), आणि वडिलांचा पुरावा कोण घेणार. सरतपासाचं शपथपत्र, म्हणजे वडिलांची स्वतःची लेखी साक्ष, ज्युनिअरने तयार केलं तर काही बिघडत नाही, पण वडील साक्षीला उभे राहायच्या आधी साहेबांनी त्यांना दोन तास समोर बसवलं पाहिजे, आणि समोरच्या मुख्य साक्षीदाराचा उलटतपास त्यांनी स्वतःच घेतला पाहिजे. याला नाही म्हणाले, किंवा हो म्हणून टाळत राहिले, तर खुशाल बदला. आधीच्या वकिलांकडून ना हरकत मागा, नवीन वकीलपत्र दाखल करा. फी बाकी आहे म्हणून फाईल देत नाही असं कोणी म्हणालं तर ते चालत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय की फीसाठी वकिलाला अशिलाचे कागद अडवता येत नाहीत. गैरवर्तणूक असेल तर तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, ग्राहक मंचात नाही, मे २०२४ च्या निकालानंतर वकील ग्राहक कायद्याच्या बाहेर आहेत. पण पुराव्याच्या तोंडावर घोडं बदलणं म्हणजे नवीन माणसाला सगळी फाईल पहिल्यापासून, त्यामुळे नुसत्या रागावर नको.

आणि आता जी गोष्ट खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवी होती. तुम्ही प्रश्नात जाता जाता लिहिलंय की गेल्या महिन्यात चुलत आजोबा वारले. वाटपाचा दावा आहे, चुलत आजोबा आहेत, म्हणजे ते बहुतेक प्रतिवादी असणार. ऑफिसात गेलात तेव्हा हे तुम्ही कोणाला सांगितलं का? कारकुनांनी तारीख सांगितली, तुम्ही ती लिहून घेतली आणि निघालात, असंच झालं असणार. ९० दिवस मृत्यूच्या तारखेपासून मोजतात, त्यातला महिना गेलाय, आणि वाटपात एक हिस्सेदार रेकॉर्डवरून सुटला तर प्रश्न त्याच्यापुरता राहत नाही, सगळा दावाच अडचणीत येतो. उद्या सकाळी नऊच्या आत फोन करा, साहेबांना नाही, त्या म्हाताऱ्या कारकुनांना. मृत्यूची तारीख सांगा, मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून काढायला गावी कोणाला तरी सांगा, आणि सगळ्या वारसांची नावं, वयं, पूर्ण पत्ते लिहून त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. मुली गाळू नका, लग्न होऊन कितीही वर्षं झाली असोत. मुलं आधीच प्रतिवादी म्हणून असतील तर नुसत्या पुरसिसवर भागेल का ते साहेब ठरवतील. आणि कारकून फोनवर म्हणतील, "अरे, हे त्याच दिवशी नाही का सांगायचं." तेवढं ऐकून घ्या.